सुभेदारीच्या पुढची पायरी : लष्करातली वरची पदे कोणाला मिळतात आणि आपली मुले कुठे अडतात?

दरवर्षी 1 जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देताना आपण आपल्या पूर्वजांच्या शौर्याचा अभिमानाने उल्लेख करतो. तो अभिमान रास्तच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर बौद्ध वस्त्यांमध्ये लष्कराशी नाते नसलेले गाव शोधावे लागेल. कोणाचे पणजोबा मुंबई लष्करात होते, कोणाचे काका महार रेजिमेंटमध्ये, कोणाचा भाऊ आज सीमेवर आहे. पण या अभिमानासोबत एक प्रश्न आपण फारसा विचारत नाही. यातले कर्नल किती झाले? ब्रिगेडियर किती? जनरल किती?

लष्कर अधिकाऱ्यांची जातवार आकडेवारी प्रसिद्ध करत नाही, त्यामुळे नेमका आकडा कोणाकडेच नाही. पण गावोगावी काम करताना आम्हाला दिसते ते असे : निवृत्त नायक, हवालदार, सुभेदार भेटतात, निवृत्त कर्नल भेटत नाहीत. याचे कारण शौर्यात शोधून सापडणार नाही, ते बढतीच्या यंत्रणेत आणि आपल्या इतिहासात आहे. दोन्ही समजून घेतल्याशिवाय पुढच्या पिढीला रस्ता दाखवता येणार नाही.

दार उघडले तेव्हा आपण बाहेर होतो

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्यांचे आजोबा मालोजी कंपनी सरकारच्या सैन्यात होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले. आई भीमाबाईंचे वडीलही सुभेदार. त्या काळी दापोली हे निवृत्त सैनिकांचे ठिकाण होते. ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन करणारे गोपाळबाबा वलंगकरही लष्करातून निवृत्त होऊन तिथेच आले. लष्कराने या कुटुंबांना पगार आणि निवृत्तिवेतन दिलेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळा दिली. सैनिकांच्या मुलामुलींना पलटणीत सक्तीने शिक्षण मिळे. आंबेडकरी चळवळीच्या पहिल्या पिढीतली अक्षरओळख बरीचशी या पलटणीच्या शाळांतून आलेली आहे.

1892-93 च्या सुमारास ब्रिटिशांनी ‘लढवय्या जमाती’ची कल्पना पुढे करून महारांची भरती बंद केली. वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली गेली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडलीही गेली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केल्यानंतर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

आता या तारखांच्या शेजारी दुसऱ्या तारखा ठेवून पाहा. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भारतीय तरुणांसाठी मोजक्या जागा 1918 नंतर खुल्या झाल्या. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी 1932 मध्ये सुरू झाली. त्याआधी भारतीय माणूस कितीही शूर असला तरी सुभेदार मेजरच्या पुढे जाऊ शकत नव्हता. म्हणजे अधिकारीपदाचे दार भारतीयांसाठी ज्या काळात उघडले, नेमक्या त्याच काळात आपल्याला साधे शिपाई म्हणूनही आत घेत नव्हते. त्या पन्नास वर्षांत इतर समाजांत लष्करी अधिकाऱ्यांची घराणी तयार झाली. आपल्याकडची सुभेदारांची घराणीही तुटली.

राजकीय अभ्यासक स्टीफन कोहेन यांनी 1969 मध्ये अस्पृश्य सैनिकांवर स्वतंत्र लेख लिहून हा भरतीबंदीचा इतिहास मांडला. आपल्या कार्यकर्त्यांनी तो मुळातून वाचावा असा आहे.

रेजिमेंटचे नाव आणि माणसाचे नाव

महार रेजिमेंटच्या दोन अधिकाऱ्यांनी भारतीय लष्कराचे प्रमुखपद भूषवले. जनरल के. व्ही. कृष्णराव 1981 ते 1983 आणि जनरल के. सुंदरजी 1986 ते 1988. या दोघांच्या मधल्या काळात प्रमुख होते जनरल अरुणकुमार वैद्य, ज्यांचा जन्म आपल्या शेजारच्या अलिबागचा. समाजमाध्यमांवर कृष्णराव आणि सुंदरजी यांची नावे ‘आपले जनरल’ म्हणून फिरतात. ते रेजिमेंटचे होते, समाजाचे नव्हते. एक आंध्रचे, दुसरे तमिळनाडूचे. रेजिमेंटमध्ये आज सर्व जातीधर्मांचे जवान आहेत आणि अधिकारी तर कोणत्याही रेजिमेंटमध्ये कुठल्याही समाजाचा असू शकतो.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, महार रेजिमेंट हे वरच्या पदापर्यंत पोहोचवू शकणारे घर आहे, तिथून प्रमुखपद दोनदा गाठले गेले. दुसरी, रेजिमेंटच्या नावावर समाधान मानले तर प्रतिनिधित्वाचा प्रश्न झाकला जातो.

बढती कशी मिळते?

लष्करात अधिकारी लेफ्टनंट म्हणून सुरुवात करतो. 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळते, आवश्यक परीक्षा मात्र द्याव्या लागतात. खरी चाळण कर्नलपदापासून लागते. कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल या प्रत्येक पायरीला निवड मंडळ बसते आणि प्रत्येक पायरीवर जागा झपाट्याने कमी होतात. निवड न झालेल्या अधिकाऱ्याला 26 वर्षांच्या सेवेनंतर कर्नल हे पद मिळते, पण ते कालबद्ध. त्यातून पुढची वाट निघत नाही.

निवड मंडळ काय पाहते? सर्वात जास्त वजन गोपनीय अहवालाचे. वरिष्ठ अधिकारी दरवर्षी हा अहवाल लिहितो, त्याचा वरिष्ठ तो तपासतो, त्याच्याही वर एक नजर असते. प्रत्यक्ष तुकडीचे नेतृत्व करताना मिळालेले अहवाल अधिक महत्त्वाचे ठरतात. त्यानंतर अभ्यासक्रमांचे गुण, शौर्य आणि सेवा पदके, कठीण भागातली सेवा. मंडळापुढे उमेदवाराची ओळख झाकलेली असते आणि मंडळाच्या स्वतःच्या मताला थोडेच गुण असतात. म्हणजे कागदावर ही पद्धत बरीच निःपक्ष आहे.

अभ्यासक्रमांत सर्वात मोलाचा टप्पा म्हणजे निलगिरीतल्या वेलिंग्टनचे डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज. तिथे स्पर्धा परीक्षेतून प्रवेश मिळतो. तो अभ्यासक्रम न केलेल्या अधिकाऱ्याला पुढची स्पर्धा जड जाते. त्यानंतर मऊच्या आर्मी वॉर कॉलेजचे अभ्यासक्रम आणि शेवटी दिल्लीचे नॅशनल डिफेन्स कॉलेज. मऊ म्हणजे तेच गाव, जिथे सुभेदार रामजी नोकरीला असताना 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. लष्करात वर जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला मऊवरून जावे लागते. आपण तिथे जयंतीला जातो. आपली मुले तिथे हायर कमांडच्या अभ्यासक्रमाला गेली पाहिजेत.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस जानोविट्झ यांनी 1960 मध्ये ‘द प्रोफेशनल सोल्जर’ या पुस्तकात जनरलपदाच्या वाटेचा अभ्यास मांडला. त्यांचे म्हणणे असे की, बहुतेक जण ठरलेल्या वाटेने, ठरलेली पदे आणि अभ्यासक्रम चोख पार पाडत वर जातात. अगदी शिखरावरच्या मोजक्या माणसांतच वेगळी वाट चोखाळलेले आढळतात. आपल्याकडेही चित्र फारसे वेगळे नाही. म्हणून ही ठरलेली वाट माहीत असणे हेच अर्धे भांडवल आहे, आणि ते भांडवल घरात मिळते.

घर, शाळा आणि वय

जनरल मनोज नरवणे यांचे वडील हवाई दलात अधिकारी होते. जनरल बिपीन रावत यांचे वडील लेफ्टनंट जनरल. जनरल मनोज पांडे नागपूरचे, घरात लष्कर नव्हते, पण वडील विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक आणि आई आकाशवाणीवर. या सर्वांची गुणवत्ता निर्विवाद आहे. प्रश्न इतकाच की, अशा घरातल्या मुलाला सोळाव्या वर्षी एनडीए म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या कामाची आहे. 2014 ते 2016 या काळात लष्करप्रमुख असलेले जनरल दलबीरसिंग सुहाग यांचे वडील सुभेदार मेजर होते. सुभेदाराचा मुलगा लष्करप्रमुख झाला. मधला दुवा होता चित्तौडगडची सैनिक शाळा. 2024 मध्ये लष्करप्रमुख झालेले जनरल उपेंद्र द्विवेदी आणि नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल दिनेश त्रिपाठी हे रीवाच्या सैनिक शाळेतले वर्गमित्र. घराने जे दिले नाही ते शाळा देऊ शकते, हे यातून दिसते.

आता वयाचा हिशेब करू, कारण वरच्या पदांच्या बाबतीत तो निर्दय आहे. निवृत्तीचे वय कर्नलला 54, ब्रिगेडियरला 56, मेजर जनरलला 58, लेफ्टनंट जनरलला 60. लष्करप्रमुख 62 वर्षांपर्यंत किंवा 3 वर्षे, यातले जे आधी येईल तोवर. एनडीएतून गेलेला मुलगा साधारण 21-22 व्या वर्षी अधिकारी होतो. त्याच्यापुढे तीन दशकांहून अधिक सेवा असते. पदवीनंतर सीडीएसमधून गेलेला दोनतीन वर्षांनी मागे. शिपाई म्हणून भरती होऊन आर्मी कॅडेट कॉलेजमधून जाणारा आणखी मागे. स्पेशल कमिशन्ड ऑफिसरसाठी अर्जाचेच वय 28 ते 35. तिशी ओलांडून लेफ्टनंट झालेला माणूस कितीही कर्तबगार असला तरी ब्रिगेडियरच्या मंडळापर्यंत पोहोचण्याआधी त्याची वर्षे संपत येतात. शॉर्ट सर्व्हिसवाल्याची सेवा 10 वर्षांची, वाढवून 14 पर्यंत. त्याला कायम कमिशन मिळाले नाही तर कर्नलपदाच्या आधीच तो बाहेर पडतो. जन्मतारखेतल्या एका वर्षाच्या फरकावरून जनरल व्ही. के. सिंग यांनी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती, यावरून वयाचे मोल कळावे.

म्हणून ‘आधी भरती होऊ, मग आतून अधिकारी होऊ’ हा आपल्या मुलांमध्ये रुजलेला विचार अधिकारी होण्यासाठी ठीक आहे, पण वरच्या पदासाठी तो फार उशिराचा रस्ता आहे. 2022 पासून अग्निपथ योजनेत तर चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात. पहाटे हायवेवर धावणाऱ्या मुलांच्या जिद्दीला आम्ही सलाम करतो. पण त्यातल्या बारावी गणित घेतलेल्या मुलाला कोणी एनडीएचा फॉर्म भरायला लावले का, हे विचारलेच पाहिजे.

नियम सारखे, परिणाम वेगळे

अधिकारी भरतीत आरक्षण नाही. ‘सगळ्यांना एकच नियम’ हे त्यामागचे उत्तर. या उत्तराची खरी तपासणी महिला अधिकाऱ्यांच्या लढ्याने केली. 17 फेब्रुवारी 2020 रोजी बबिता पुनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महिलांना कायम कमिशन आणि नेतृत्वपदांची दारे खुली केली. त्यानंतर लष्कराने जे निकष लावले त्याविरुद्ध लेफ्टनंट कर्नल नितीशा आणि इतर अधिकारी पुन्हा न्यायालयात गेल्या. 25 मार्च 2021 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की वरवर सर्वांना सारखा दिसणारा निकषही अप्रत्यक्ष भेदभाव करू शकतो. या महिलांचे गोपनीय अहवाल ज्या काळात लिहिले गेले, त्या काळात त्यांना कायम कमिशन मिळणारच नाही असे गृहीत होते. त्यामुळे ते अहवाल गांभीर्याने लिहिलेच गेले नव्हते. पुढे त्याच अहवालांवर त्यांना तोलले गेले.

हा निकाल प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने वाचावा. त्यात जातीचा प्रश्न नाही, पण युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. एनडीएची लेखी परीक्षा 900 गुणांची, त्यात गणित 300 आणि इंग्रजी 200. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. त्यानंतर एसएसबी, तीही 900 गुणांची. पाच दिवस मुलाचे बोलणे, वागणे, पुढाकार घेणे, गटात वावरणे तपासले जाते. भरून द्यायच्या माहितीपत्रकात आईवडिलांचे शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न विचारले जाते. कोणी मुद्दाम भेदभाव करतो असे आम्ही म्हणत नाही. पण ‘आत्मविश्वास’ आणि ‘अधिकाऱ्याला शोभेल असे वागणे’ ज्या घरांत, ज्या भाषेत, ज्या शाळांत घडते ती घरे आणि शाळा कोणाच्या वाट्याला आल्या, हा समाजशास्त्राचा साधा प्रश्न आहे.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. म्हणजे अभ्यासात आपली मुले कमी नाहीत. तालुक्याच्या गावापलीकडे विज्ञान शाखा कमी, इंग्रजी बोलण्याचा सराव नाही आणि एसएसबी म्हणजे काय हे सांगणारा माणूस नाही. अडते ते इथे.

मुलींच्या बाबतीत तर नवे दार नुकतेच उघडले आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीए मुलींसाठी खुली झाली आणि 30 मे 2025 रोजी पहिल्या तुकडीतल्या 17 मुली खडकवासल्याहून बाहेर पडल्या. महाराष्ट्राच्या अनुभवातले एक नाव लक्षात ठेवावे : माधुरी कानिटकर, 2020 मध्ये लेफ्टनंट जनरल झालेल्या, देशातल्या तिसऱ्या महिला. त्या लष्करी वैद्यकीय सेवेतून वर गेल्या. पुण्याचे एएफएमसी हाही वर जाण्याचा एक मार्ग आहे आणि नीट देणाऱ्या आपल्या मुलींना तो माहीत असायला हवा. 1918 साली दार उघडले तेव्हा आपण बाहेर होतो. हे दार उघडताना आपल्या मुली बाहेर राहिल्या तर त्याचा दोष ब्रिटिशांवर ढकलता येणार नाही.

धम्म आणि शस्त्र

काही तरुण विचारतात, अहिंसेचा धम्म स्वीकारलेल्यांनी लष्करात वर जाण्याची आस का धरावी? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हा आंधळा नियम नसून तत्त्व आहे, असे मांडले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यात त्यांनी फरक केला. शिवाय वरच्या पदावरचा अधिकारी गोळी कधी झाडायची यापेक्षा कधी झाडायची नाही हे जास्त वेळा ठरवतो. असा निर्णय घेणाऱ्यांमध्ये समता आणि करुणा मानणारी माणसे असणे धम्माच्या विरोधात जात नाही.

आता करायचे काय?

पहिले काम पाचवीपासूनचे. सैनिक शाळांची प्रवेश परीक्षा सहावी आणि नववीसाठी असते आणि तिथे अनुसूचित जातींना 15 टक्के जागा राखीव आहेत. महाराष्ट्रात साताऱ्याची सैनिक शाळा 1961 पासून आहे, चंद्रपूरची 2019 पासून. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू आहेत. पण दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि वेळेत काढलेला हवा. दहावीत गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

दुसरे काम दहावीनंतरचे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून मुलांना अकरावी-बारावीत एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला सुरू झाली आहे. पदवीधरांना सीडीएस आणि एसएसबीच्या तयारीसाठी नाशिक रोडचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र विनामूल्य आहे. त्याची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. तटरक्षक दलाचे ठाणे तर आपल्या रत्नागिरीतच आहे आणि त्याच्या असिस्टंट कमांडंट भरतीत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा असतात.

तिसरे काम मागणीचे. बार्टी पोलीस आणि मिलिटरी भरतीपूर्व प्रशिक्षण राबवते. त्याच धर्तीवर एनडीए, सीडीएस आणि एसएसबीसाठी निवासी प्रशिक्षण कोकणात सुरू करावे, ही मागणी जिल्ह्यातल्या सर्व बौद्ध संघटनांनी एकत्र येऊन लावून धरावी. सोबत अधिकारी भरतीच्या प्रत्येक टप्प्यावरची सामाजिक आकडेवारी सरकारने प्रसिद्ध करावी अशीही मागणी हवी. मोजले जात नाही ते सुधारलेही जात नाही.

चौथे काम आपल्याच हातातले. प्रत्येक तालुक्यात निवृत्त सैनिक आहेत, मुंबईत स्थिरावलेले शिकलेले चाकरमानी आहेत. विहारात महिन्यातून एक रविवार इंग्रजी बोलण्याचा, गटचर्चेचा आणि गणिताचा ठेवायला सरकारी मंजुरी लागत नाही. या वर्षी आपल्या गावातल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींची यादी करा, जन्मतारखा लिहा आणि एनडीएच्या साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात कोण बसते ते पाहा. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पुढच्या परीक्षेचा फॉर्म त्या यादीतल्या प्रत्येकाने भरला पाहिजे.

आज फॉर्म भरणारी मुलगी किंवा मुलगा कर्नलच्या मंडळापुढे जायला वीसएक वर्षे लागतील, जनरल व्हायला तीन दशकांहून अधिक. म्हणजे तेव्हा रत्नागिरीतले कोणी जनरल असेल की नाही, हे यंदाच्या यादीवर ठरणार आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.